‘अनियत’ असण्याचा अर्थ : लघुनियतकालिके, प्रास प्रकाशन आणि मराठी समीक्षेतील एक उणीव

साठोत्तरी मराठी साहित्याचा इतिहास सांगताना लघुनियतकालिकांचा उल्लेख कोणालाही टाळता येत नाही. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘तापसी’, ‘विद्रोह’ अशी नावे ओळीने दिली जातात; त्यांना ॲलन गिन्सबर्ग, बंगालमधील भुकेली पिढी आणि प्रस्थापितविरोध हे शब्द जोडले जातात आणि प्रकरण पुढे सरकते. पदव्युत्तर वर्गांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांत या चळवळीची मांडणी थोड्याफार फरकाने अशीच आढळते. या मांडणीत लेखक असतात, कविता असतात, वादही असतात. नसतो तो कागद. अंक कशावर छापला, किती प्रती निघाल्या, त्या कोणाच्या हाती आणि कशा पोहोचल्या, या प्रश्नांकडे वाङ्मयबाह्य तपशील म्हणून पाहण्याची सवय मराठी समीक्षेला जडलेली आहे. मात्र ज्या चळवळीने छपाईचे साधनच आपल्या ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला तिच्या बाबतीत हा तपशील वाङ्मयबाह्य राहू शकत नाही. प्रस्तुत लेखात अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाच्या निमित्ताने या उणिवेचा विचार केला आहे.

आरंभी नावाचा प्रश्न. काही अभ्यासक ‘लघुनियतकालिक’ म्हणतात, काही ‘लघु-अनियतकालिक’. हा केवळ संज्ञेचा घोळ नाही. इंग्रजी ‘लिटल मॅगझिन’मध्ये अंक कधी निघावा यासंबंधी काहीही सुचविलेले नाही, मराठीने मात्र अंकाच्या आकाराबरोबर काळाकडेही लक्ष वेधले. अंक जेव्हा निघेल तेव्हा निघेल, असे जाहीर करणारा ‘अ’ हा उपसर्ग मराठीचा स्वतःचा आहे. त्यामागे पैशाची चणचण होती हे खरे. पण तेवढेच नव्हते. दरमहा ठराविक तारखेला ठराविक पाने भरण्याची सक्ती आली की मजकुराची निवड पानांच्या गरजेने होऊ लागते, आणि पाने भरणारा लेखकवर्ग तयार होतो, अशी या मंडळींची धारणा होती. भालचंद्र नेमाडे यांचा लेखकाच्या ‘लेखकराव’ होण्यावरील गाजलेला लेख ‘वाचा’सारख्या नियतकालिकातच यावा यात औचित्य आहे.

व्यवहाराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. नोंदणीकृत नियतकालिकाला टपालाचा सवलतीचा दर मिळे; अनियमित निघणाऱ्या अंकाला तो लाभ मिळणे दुरापास्त. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रणाच्या व्याख्येत सायक्लोस्टाइललाही सामावून घेतले होते. म्हणजे घरच्या टेबलावर चाळीस-पन्नास प्रती काढणारा तरुणही कायद्याच्या दृष्टीने मुद्रकच होता. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यातही नियतकालिकाने नियमित अंतराने निघणे अभिप्रेत आहे. अनियतकालिक हे शासकीय नोंदवहीत न बसणारे प्रकाशन आहे. पुढे ग्रंथालयांच्या नोंदवहीतही त्याला जागा मिळाली नाही, याचे मूळ येथेच आहे.

स्टेन्सिलवरची मराठी

१९५० च्या दशकाच्या मध्यास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदींनी ‘शब्द’ सुरू केले ते सायक्लोस्टाइल पद्धतीने. या पद्धतीचा मराठीच्या संदर्भातील अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. खिळे जुळवून केलेल्या छपाईत देवनागरीसाठी रोमन लिपीच्या कितीतरी पट अधिक खिळे लागत. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे यांची निगा राखणारा कुशल जुळारी लागे. साहजिकच देवनागरी छापखाना हा भांडवलाचा आणि कसबाचा मामला होता. छापखाना ज्याच्याकडे त्याच्याकडे मुद्रितशोधक, आणि मुद्रितशोधकाकडे भाषेच्या शुद्धतेचा अंतिम अधिकार. स्टेन्सिलने ही साखळी तोडली. मेणाच्या कागदावर टोकदार लेखणीने लिहिता येत असल्यामुळे हस्ताक्षर, रेखाचित्र, वाकडी ओळ, काठावर खरडलेला शेरा हे सारे एकाच खर्चात छापता येऊ लागले. मराठी टंकयंत्राने जोडाक्षरांची जी मोडतोड केली होती तिच्यापेक्षा हाताने कोरलेले स्टेन्सिल अधिक मोकळे होते.

आणखी एक योगायोग नोंदविला पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. बोलण्यातली ‘केलं’, ‘झालं’, ‘असं’ ही रूपे लेखनात कोठे चालावीत याला त्यांनी मर्यादा घातली. त्यानंतरच्याच वर्षी, १९६३ मध्ये, ‘मनोहर’मध्ये अशोक शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखातील मतांची चर्चा पुष्कळ झाली; भाषेची तुलनेने कमी. शहाणे बोलतात तसे लिहितात, असे म्हटले जाते. पण अशी बोली छापून आणण्यासाठी तिला दुरुस्त न करणारा मुद्रितशोधक लागतो. लघुनियतकालिकांत संपादक, लेखक आणि मुद्रितशोधक बहुधा एकच असल्यामुळे ही अडचण उरली नाही. ‘अरुण कोलटकरच्या कविता’मधील मुंबईच्या हिंदीतील कविता आठवाव्यात. त्या भाषेचे कोणतेही प्रमाण लेखन अस्तित्वात नाही. एखाद्या प्रस्थापित छापखान्यात त्या कवितांना ‘शुद्ध’ करण्याचा मोह झाला नसता, असे खात्रीने म्हणवत नाही.

‘सत्यकथे’विरुद्धचे बंडही या अंगाने पाहिले पाहिजे. राजा ढाले यांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून अंकाची होळी केली तो प्रसंग मराठी वाङ्मयेतिहासात दंतकथेसारखा सांगितला जातो. वाद अभिरुचीचा होता, जातीय-वर्गीय अनुभवाचा होता, यात शंका नाही. पण ‘सत्यकथा’ आणि मौज छापखाना यांनी मराठी पुस्तकाला जी नीटस, निर्दोष, डोळ्याला सुखावणारी छपाई दिली ती स्वतःच एक मूल्य बनली होती, हेही खरे. छपाईच्या त्या नेटकेपणाने लेखनाच्या नेटकेपणाची अपेक्षा निर्माण केली. लघुनियतकालिकांतील ओबडधोबड, शाई पसरलेली पाने हा त्या अपेक्षेला दिलेला नकार होता. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ओबडधोबडपणा हाच सत्याचा पुरावा मानण्याची चूक या चळवळीच्या काही समर्थकांनी केली. अनेक अंकांतील पुष्कळसा मजकूर आज वाचवत नाही. त्याचे मोल दस्तऐवजाचे आहे, कवितेचे नव्हे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाने मराठी कथेला जे दिले ते होळीत जळाले नाही. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली त्याआधीच बहुतेक लघुनियतकालिके अस्तंगत झाली होती, हा तपशीलही विजयाच्या कथेत सहसा येत नाही.

प्रास : पुस्तकाला लागलेला वेळ

लघुनियतकालिकाचा पुढचा टप्पा म्हणजे लघुप्रकाशन. अंकातून पुस्तकाकडे जाताना बहुतेकांनी प्रस्थापित प्रकाशकांचा आधार घेतला. शहाणे यांनी प्रास प्रकाशन उभे केले. ‘प्रास’ हा शब्द कवितेच्या परिभाषेतला. प्रकाशनसंस्थांना दैवते, ऋतू, आडनावे यांची नावे देण्याच्या रिवाजात हे नाव वेगळे उठून दिसते.

प्रासच्या जवळपास त्याच काळात मुंबईत इंग्रजी कवींनीही असाच प्रयोग केला. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघांनी १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाउस’ या नावाने स्वतःचीच पुस्तके काढली. त्यांत ‘जेजुरी’ होते. ही कवितामाला १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त संपूर्ण प्रसिद्ध झाली होती, पुस्तकाला १९७७ चे राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले. कोलटकरांचा चरितार्थ जाहिरातक्षेत्रातील दृश्यरचनेवर चाले. पुस्तकाचे मुखपृष्ठ, अक्षर, पानावरची मोकळी जागा हा त्यांच्या पेशाचा विषय होता. कवीलाच पुस्तकाचे दृश्यरूप ठरविण्याचा अधिकार देणारी व्यवस्था त्यांना दोन्ही भाषांत मिळाली आणि दोन्हीकडे ती लहान होती. हा योगायोग मानणे कठीण आहे.

‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक प्रासने १९७७ मध्ये काढले. शीर्षकाकडे थोडे थांबून पाहावे. मराठीच्या रीतीप्रमाणे ते ‘कोलटकरांच्या’ असायला हवे होते. ‘कोलटकरच्या’ हे एकवचन मित्रांमधले आहे. कवीला आदरार्थी बहुवचनात बसवण्यास ते नकार देते. पुस्तकाचे नाव हीच प्रकाशकाची प्रस्तावना, असे याबाबतीत म्हणता येईल. त्या पुस्तकात पन्नासच्या आणि साठच्या दशकांतील कविता आहेत. म्हणजे कवीच्या पहिल्या मराठी पुस्तकाला सुमारे दोन दशकांचा विलंब लागला.

त्यानंतरचा विलंब अधिक मोठा. २००३-०४ च्या सुमारास ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ ही मराठी आणि २००४ मध्ये ‘काळा घोडा पोएम्स’ व ‘सर्पसत्र’ ही इंग्रजी पुस्तके प्रासने एकापाठोपाठ एक काढली. पाव शतकाहून अधिक काळ जवळजवळ गप्प असलेला कवी अवघ्या दोनेक वर्षांत पाच पुस्तके घेऊन आला आणि २५ सप्टेंबर २००४ रोजी निधन पावला. ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. मराठी प्रकाशनव्यवहारात नव्या पुस्तकांच्या वार्ता दर आठवड्याला येतात आणि विसरल्या जातात. या पाच पुस्तकांची वार्ता मात्र मराठी कवितेचा नकाशा बदलणारी ठरली.

या विलंबाचे मूल्यमापन कसे करावे? प्रासच्या चाहत्यांना त्यात साधना दिसते. ‘भिजकी वही’ वाचताना ते पटते. हायपेशिया, आयसिस, राबिया, कॅसांड्रा, कण्णगी, नादेझ्दा, व्हिएतनाममधील किम अशा निरनिराळ्या काळांतील आणि भूगोलांतील स्त्रियांचे रडणे एका ग्रंथात आणणारी ही रचना सुट्या कवितांच्या संग्रहासारखी उभी राहिलेली नाही. ती वर्षानुवर्षे वाढली आहे. दर दोन वर्षांनी संग्रहाची मागणी करणारा प्रकाशक असता तर तिचे तुकडे चार संग्रहांत विखुरले गेले असते. वाट पाहू शकणारा प्रकाशक ही या ग्रंथाची रचनात्मक पूर्वअट आहे, असे म्हणण्यास म्हणूनच हरकत नसावी. प्रासने कोलटकरांना काय छापले यापेक्षा काय मागितले नाही, हे अधिक महत्त्वाचे.

पण याच विलंबाची किंमत वाचकाने मोजली. ज्या काळात मराठी कवितेत महानगरीय संवेदनेवर, मिथकांच्या पुनर्वापरावर, बोलीच्या काव्यक्षमतेवर हिरिरीने लिहिले जात होते, त्या काळात या विषयांवरील सर्वांत समर्थ कविता बहुतांशी वहीत होती. मुंबईबाहेरच्या वाचकाची स्थिती आणखी बिकट. प्रासचे पुस्तक मिळवण्यासाठी ठराविक दुकान किंवा ठराविक मित्र माहीत असावा लागे. नांदेड, चंद्रपूर वा सावंतवाडीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला १९८० च्या दशकात कोलटकर शिकवायचे झाले तर एखाद्या प्रातिनिधिक संग्रहातील दोन-तीन कवितांवर भागवावे लागे. छोट्या वर्तुळाने कवीला जपले. त्याच वर्तुळाने त्याला काही काळ दुर्मिळही केले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गौरवपर लेखनात पहिली सांगितली जाते आणि दुसरी राहून जाते.

एक पोस्टर आणि एक पत्रिका

प्रकाशनाचे रूप बदलले की कृतीचे सामाजिक अस्तित्व कसे बदलते याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या दीर्घकवितेचे आहे. प्रासने ही कविता १९८३ मध्ये पोस्टरच्या रूपात काढली. पोस्टरला मुखपृष्ठ नसते, आधीचे-नंतरचे पान नसते, मिटून ठेवण्याची सोय नसते. गांधी निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या लोकांत, निरनिराळ्या बोलींत भेटत जातो ही या कवितेची मूळ कल्पना. भिंतीवर एकाच दृष्टिक्षेपात दिसणाऱ्या लांबच लांब मजकुरात ही भटकंती वाचकाला उभ्याने करावी लागते. गांधींचे चित्र भिंतीवर लावण्याच्या आपल्या सार्वजनिक सवयीला हे पोस्टर आडून उत्तर देते. कवितेतील उपरोध समजून घेण्याची सूचना तिच्या माध्यमातच आहे.

खटला उभा राहिला तो मात्र १९९४ च्या पुनर्मुद्रणावर. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, सभासदांपुरत्या वितरित होणाऱ्या ‘बुलेटिन’मध्ये ती कविता छापली गेली, तक्रार झाली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खालील अश्लीलतेचा आरोप दोन दशके न्यायालयांत फिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१५ रोजी दिलेल्या निर्णयात, इतिहासात आदराचे स्थान असलेल्या व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले असता समकालीन समाजमानाची कसोटी अधिक कठोरपणे लागू होते, असे मत मांडले. पुढच्याच अंकात बिनशर्त माफी मागितलेल्या, पत्रिका प्रसिद्ध करणाऱ्यावरील आरोप रद्द झाला; कवीला मात्र आपला बचाव खटल्यातच मांडावा लागेल, असे ठरले.

या प्रकरणावर आविष्कारस्वातंत्र्याच्या अंगाने बरेच लिहिले गेले आहे आणि ते आवश्यकच होते. ‘आदरणीय व्यक्ती’ अशी स्वतंत्र कोटी अश्लीलतेच्या कायद्यात आणल्याने उपहासात्मक वाङ्मयापुढे निर्माण होणारा धोका उघड आहे. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पोस्टर हे स्वभावतः सार्वजनिक माध्यम असूनही कवितेच्या जाणकार वर्तुळात वाचले गेले. पत्रिका खाजगी वितरणाची असूनही कवितेची तयारी नसलेल्या, तिची अपेक्षाही न केलेल्या वाचकाच्या घरी टपालाने जाऊन पडली. शब्द तेच, वाचनाचा करार बदलला. न्यायालयापुढे कविता शब्दांच्या रूपात होती, भिंतीवरच्या वस्तूच्या रूपात नव्हती, आणि खटल्याच्या चौकटीत ती तशी असणे शक्यही नव्हते. ते काम समीक्षेचे होते. समीक्षेने पोस्टरला पोस्टर म्हणून वाचण्याची पद्धत आधीच रूढ केली असती तर कवीच्या बचावाला एक वेगळे साधन मिळाले असते, असे म्हणण्यास जागा आहे.

नियमिततेची गरज कोणाला?

अनियततेचा गौरव करताना एक प्रतिउदाहरण दृष्टीआड करता येत नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात ‘अस्मिता’ नावाने १९६७ मध्ये सुरू झालेले आणि पुढे ‘अस्मितादर्श’ झालेले त्रैमासिक गंगाधर पानतावणे यांनी दशकानुदशके चालविले. आकाराने, साधनांनी, आर्थिक बळाने तेही लहानच होते. पण त्याने स्वतःला अनियत म्हणवून घेतले नाही. दलित लेखकांची एक संपूर्ण पिढी त्याच्या पानांवर लिहिती झाली, मेळाव्यांतून एकमेकांना भेटली. ज्यांना व्यासपीठ कधी मिळालेच नव्हते त्यांच्यासाठी तीन महिन्यांनी पुढचा अंक येणार आहे ही खात्रीच मोलाची होती. व्यासपीठ नाकारण्याची चैन ज्याला ते सहज मिळू शकते त्यालाच परवडते. मुंबईच्या लघुनियतकालिकांतही नामदेव ढसाळ, राजा ढाले यांच्यासारखे लेखक होते आणि १९७२ च्या दलित पँथरशी या वर्तुळाचे जिवंत नाते होते. म्हणून ‘सवर्ण बंडखोर विरुद्ध दलित चळवळ’ अशी सोपी विभागणी टिकणारी नाही. तथापि दोन प्रकाशनव्यवहारांतील हा फरक मूलभूत आहे, आणि ‘अस्मितादर्श’ला लघुनियतकालिकांच्या यादीत शेवटी जोडून टाकण्याच्या प्रथेने तो पुसला जातो. स्त्रियांच्या बाबतीत तर यादीही अपुरी पडते. संपादक म्हणून त्या या अंकांत जवळजवळ दिसत नाहीत. प्रस्थापिताला नकार देणारे वर्तुळ मित्रांचे होते, आणि मित्र बहुतेक पुरुष होते.

नव्वदच्या दशकात ‘शब्दवेध’, ‘सौष्ठव’, ‘अभिधा’ आणि ‘अभिधानंतर’ यांनी लहान नियतकालिकाची परंपरा पुन्हा हाती घेतली. तोवर संगणकीय अक्षरजुळणीने छपाई स्वस्त आणि नीटस केली होती. स्टेन्सिलची वाकडी ओळ आता अपरिहार्य नव्हती. त्यामुळे या अंकांचे बंड आशयात शोधावे लागते, कागदावर नव्हे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या साऱ्याचा अभ्यास करायचा तर अंक हाती हवेत, आणि खरी अडचण तेथेच आहे. कोलटकरांच्या पुस्तकांच्या भौतिक रूपाचा विस्तृत विचार अंजली नेर्लेकर यांनी २०१६ च्या ‘बॉम्बे मॉडर्न’ या ग्रंथात केला. तो इंग्रजीत आहे. त्या काळातील मुंबईच्या कवींचे कागदपत्र आणि अंक जतन करणारा संग्रह अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात आहे. ते तेथे सुरक्षित आहेत याबद्दल कृतज्ञता बाळगावी. पण इथल्या बहुसंख्य महाविद्यालयीन ग्रंथालयांत ‘असो’ वा ‘येरू’चा एखादा अंकही नसावा याचे कारण केवळ अनास्था नाही. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत पुस्तकासाठी रकाना आहे, वर्गणीच्या नियतकालिकासाठी आहे. वर्षातून एकदा किंवा कधीच न निघणाऱ्या, वर्गणी न मागणाऱ्या, क्रमांक चुकलेल्या चार पानांसाठी नाही. अध्यापकांच्या मूल्यमापनात प्रमाणित क्रमांक असलेल्या नियतकालिकांना गुण मिळू लागल्यापासून संशोधकही अशाच पानांकडे वळतात ज्यांना क्रमांक आहे. दरम्यान निवृत्त प्राध्यापकांच्या, जुन्या कवींच्या, बंद पडलेल्या छापखान्यांच्या माळ्यावर हे अंक अजूनही आहेत. सायक्लोस्टाइलसाठी वापरला जाणारा कागद स्वस्त, आम्लयुक्त आणि अल्पायुषी असे. तो आता पिवळा पडून घडीवर तुटू लागला आहे. १९८३ च्या पोस्टरची घडी उलगडून ते पुन्हा भिंतीवर लावता येईल अशा प्रती किती उरल्या आहेत, याची मोजदाद विद्यापीठांच्या मराठी विभागांनी जिल्हावार हाती घेतली तर ते एका प्रकल्पाचे काम आहे, आणि त्याला फारसा निधीही लागणार नाही.